रंग सांगणारी

चामराजपेटेतल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आता मॅचिंगचं दुकान आहे. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर ब्लाउजपिसांच्या घड्या. एका रंगाच्या दहा-दहा छटा, एकीला एक चिकटून. मी दारात नुसतीच उभी राहिले, तर गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, “याव कलर बेकम्मा?” कुठला रंग हवाय म्हणून.

मला काही घ्यायचं नव्हतं. यजमानांच्या भाचीच्या मुलीच्या लग्नासाठी बेंगळूरला आले होते आणि दुपार रिकामी होती, म्हणून रिक्षा करून इकडे आले, एवढंच. पण तिने ज्या सहजतेने विचारलं, त्याने मला पुढे बोलवेना. त्याच खोलीत, जवळजवळ त्याच जागी, माझा भाऊ मला रोज हेच विचारायचा. आणि मी सांगायची.

अण्णा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आम्ही मूळचे निपाणीकडचे. वडील नोकरीसाठी बेंगळुरात आले आणि मी तीन वर्षांची असताना वारले. अण्णाने कॉलेज सोडलं, एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे हाताखाली राहिला, आणि पुढे आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ काढला. उत्तरेकडच्या छपराची कौलं काढून तिथे काचा बसवल्या. त्या काचांतून येणारा उजेड मला अजून आठवतो, ताकासारखा, पातळ आणि थंड. मागे रंगवलेला पडदा, त्यावर एक जिना, कुठेच न जाणारा. तीन पायांचा लाकडी कॅमेरा, त्यावर काळं कापड. आतल्या अंधाऱ्या खोलीतून यायचा तो आंबूस वास आईच्या फोडणीत मिसळायचा, आणि अवरेकाईच्या दिवसांत, म्हणजे थंडीत गल्लीभर पावट्याच्या शेंगा सोलल्या जायच्या तेव्हा, त्या दोन वासांचा जो तिसरा वास व्हायचा त्याला मी ‘घर’ म्हणत असे.

त्याचं गुपित मला कळलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. एप्रिल महिना. आम्ही दोघं बसवनगुडीकडे चालत निघालो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर असा काही फुलला होता की मी मान वर करून चालत होते आणि दोनदा ठेचकाळले.

“अण्णा, किती लाल!” मी म्हटलं.

“कुठे?”

“अरे कुठे काय, झाडावर!”

तो थांबला. झाडाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग माझा हात धरून झाडाखाली गेला आणि मला कडेवर उचललं. मी काही कडेवर घेण्याच्या वयाची नव्हते. म्हणाला, “बोट लावून दाखव.” मी एका तुऱ्याला बोट लावलं. तो अगदी जवळ डोळे नेऊन म्हणाला, “हां. पाकळ्या दिसतात की. मला वाटायचं, गुलमोहर फुलला म्हणजे खाली सडा पडला की कळतं.”

मला हसू आलं. त्याला आलं नाही. घराच्या दारात आल्यावर तो म्हणाला, “बयो, हे आईला सांगायचं नाही हं.” मला घरात सगळे नावाने हाक मारायचे. बयो म्हणायचा तो फक्त अण्णा.

काळ्या-पांढऱ्यात त्याचा हात धरणारा चामराजपेटेत कुणी नव्हता. करड्याच्या किती तऱ्हा असतात ते मला त्याने शिकवलं. राखेचा, पावसाळी ढगाचा, शिळ्या भाकरीचा, कबुतराच्या मानेचा. एकदा त्याने मला लाल पोलकं आणि हिरवा परकर घालून उभं केलं, फोटो काढला, धुतला आणि ओला कागद माझ्यापुढे धरला. पोलकं आणि परकर दोन्ही एकाच करड्या रंगाचे.

“बघ,” तो म्हणाला, “कॅमेऱ्यालाही माझ्यासारखंच दिसतं. पण त्याला कुणी नावं ठेवत नाही.”

पण लोकांना रंग हवे होते. छप्पन-सत्तावन्नचा सुमार असेल. रंगीत फिल्म आमच्यापर्यंत पोचली नव्हती. लग्नाचा फोटो काळा-पांढरा काढायचा आणि मग त्यावर हाताने रंग चढवायचे, ही रीत. अण्णाचे फोटो रंगवून देणारे एक वयस्क गृहस्थ होते, ते मुलाकडे मद्रासला निघून गेले. आलेली गिऱ्हाइकं विचारायची, “कलर माडि कोडतीरा?” रंगवून देता ना? आणि अण्णा मान खाली घालायचा. असे दोन-तीन महिने गेले. मग एका दुपारी त्याने शाळेतून आलेल्या मला समोर बसवलं, लाकडी पेटी उघडली, आणि त्यातल्या करंगळीएवढ्या तेलरंगांच्या नळ्या ओळीने मांडल्या.

“माझा हात, तुझे डोळे,” तो म्हणाला. “जमेल?”

मला तेरावं लागलं होतं. मी म्हटलं, “न जमायला काय झालं?”

बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, रंगाचा कणभर ठिपका घ्यायचा, आणि फोटोवर तो असा चोळायचा की खालची छाया मरता कामा नये. हे सगळं अण्णाचं. त्याच्या बोटांना उपजत कळायचं. मी शेजारी स्टुलावर. गालाला कुठली नळी, ओठाला कुठली, किती मिसळायचं, कुठे थांबायचं. टर्पेंटाइनच्या वासाने डोळे चुरचुरायचे. बाहेर फुलवाली “मल्लिगे, कनकांबरा” म्हणत जायची, आणि मी तिला थांबवून अबोलीचं एक फूल मागून घ्यायची, नळीतल्या रंगाशेजारी ठेवून बघायला.

मी एक वही केली. चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानांमागे कातरलेल्या सुतांचे पुंजके पडलेले असत, ते वेचून आणायची आणि खळीने वहीत चिकटवायची. खाली नावं. आमसुली, मोतिया, चिंतामणी, पारवा, गुलबक्षी, विटकरी, शेवाळी, डाळिंबी. प्रत्येक नावापुढे कुठली नळी किती आणि कुठल्या नळीत. अण्णाला सूत पाहून काही कळत नसे, पण नावं त्याला फार आवडायची. तो ती एकेक वाचून घ्यायचा. “पारवा म्हणजे कबुतरच ना? मग तो मला दिसतो,” म्हणायचा आणि खूश व्हायचा.

सुरुवातीलाच एकदा माझ्याकडून चुकलं. एका नवरीचे ओठ त्याने रंगवले ते काळपट झाले, जांभूळ खाल्ल्यासारखे. दोन दिवस खपून केलेला फोटो. तो इतक्या आशेने माझ्याकडे बघत होता की मी म्हणाले, “छान झालेत.” नवरीच्या सासरच्यांनी फोटो परत आणला. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आमची सून काय आजारी आहे?” अण्णाने फोटो घेतला, टर्पेंटाइनच्या बोळ्याने ओठ पुसले. ते लोक गेल्यावर मला वाटलं, आता मार बसणार. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

“बयो, माझ्यावर वाटेल तेवढी माया कर. पण रंगात करू नकोस. रंगात माया केलीस, तर मी खरंच आंधळा.”

त्यानंतर मी कधी केली नाही. “घाण झालंय,” म्हणायची. “गाल आहेत की विटा?” म्हणायची. आणि तो पोट धरून हसायचा, पुसायचा, पुन्हा करायचा. इतका आनंदात असायचा अशा वेळी! अख्ख्या जगात त्याच्याशी खोटं न बोलणारं एक माणूस आपण आहोत, याचा मला त्या वयात केवढा अभिमान वाटे.

एकदा एक कन्नड आजोबा आले. सगळे त्यांना तात म्हणत. बायको गेलेली, तिचा जुना फोटो रंगवून हवा होता. साडीचा रंग विचारला तर गोंधळले. “केंपु... इल्ल, नीली...” लाल म्हणावं की निळा, त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याचीच त्यांना लाज वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी ते साडीच घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. मी ती काचेखाली नेऊन उलगडली. मोरपंखी. आडवी धरली तर निळी, उभी धरली तर हिरवी. आजोबांना का आठवत नव्हतं ते मला कळलं. ती बाई चालताना रंग बदलत असणार.

आम्ही तो फोटो चार दिवस केला. मी अण्णाला प्रत्येक चुणीला सांगत होते, इथे निळा, इथे वळली, आता हिरवा. आजोबा न्यायला आले, फोटो हातात घेतला, आणि म्हणाले, “इदे. इदे बण्ण.” हाच. हाच रंग. मग खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. जाताना त्यांनी अण्णाला नमस्कार केला. अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “तात, ही सांगते. मी नुसता चोळतो.”

ती पाच-सहा वर्षं मला सलग आठवत नाहीत. तुकड्यांनी आठवतात. रामनवमीचं पानक पितापिता आईने पदराने पुसलेली अण्णाची पिवळी झालेली बोटं. लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन, तिथे मी त्याचा हात धरून वाफ्यावाफ्यापुढे उभी राहून रंग सांगत्येय आणि पुढेमागे चालणारे लोक त्या धडधाकट माणसाकडे वळून पाहतायत. जकरंदाची झाडं. जकरंदा त्याला स्वच्छ निळा दिसायचा. मी म्हणायची, जांभळा आहे. तो म्हणायचा, “असू दे. हे एक झाड माझं.”

माझं लग्न त्यानेच ठरवलं. बासष्ट साल. सांगलीचं घर, माणसं चांगली. मला एकोणिसावं चालू होतं. मी म्हटलं, मला नाही करायचं. आईने आकांत केला. अण्णा मला घेऊन स्टुडिओत आला, दार लावून घेतलं.

“का नको?”

“मी गेल्यावर तुला लाल कोण सांगणार?”

तो हसला. म्हणाला, “एवढंच ना? एक माणूस ठरवलाय मी. धारवाडचा आहे. स्वतःच रंगवतो, उत्तम हात आहे. पुढच्या महिन्यात येतोय.”

मला काय वाटलं ते आज लिहिताना लाज वाटते. मला वाईट वाटलं. त्याची सोय झाली याचा आनंद व्हायच्या ऐवजी मला वाटलं, इतकं सोपं होतं तर! माझी वही, माझी सुतं, माझी पाच-सहा वर्षं, आणि धारवाडचा कुणी एक माणूस. मी म्हटलं, “मग ठरवा माझं.” लग्नातला फोटो अण्णानेच काढला. मी डाळिंबी शालू नेसले होते, आईने कधीपासून जपून ठेवलेला. फोटो काढून झाल्यावरही अण्णा काळ्या कापडातून बाहेर येईना. सगळे हसायला लागले. फोटोग्राफर झोपला की काय, कुणीतरी म्हणालं.

सांगलीहून मी पत्रं लिहायची. थोडी फुरंगटून, थोडी कमी. त्याची उत्तरं यायची, “धारवाडकर छान काम करतात. तुझी वही त्यांना फार उपयोगी पडते. काळजी करू नये.” आधी थोरला झाला, मग सासऱ्यांचं दुखणं. चार वर्षं मी बेंगळूरला जाऊ शकले नाही.

गेले तेव्हा सहासष्टचा जून होता. पाटीवरचा ‘रंगीत’ हा शब्द खरवडून काढलेला होता. अण्णा घरी नव्हता. तो एका कारखान्यात कामाला लागला होता. यंत्रांच्या सुट्या भागांचे फोटो काढायचे, पत्रकात छापायला. काळे-पांढरे. मी आईला विचारलं, “आणि ते धारवाडकर?”

आई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

“कोण धारवाडकर? कुणी नव्हतंच. तू नाही म्हणालीस म्हणून तो बोलला तसं. एकटाच करत होता दोन वर्षं. नळ्यांवरची नावं पुसून गेली, मग अंदाजाने. लोक परत आणून द्यायचे. मग यायचे बंद झाले.”

आईला केव्हा कळलं होतं, हे मी विचारलंसुद्धा नाही. मी उठून स्टुडिओत गेले. काचांवर धूळ होती, उजेड मातकट झाला होता. माझी वही टेबलावर होती, पानापानाला तेलाचे ठसे.

संध्याकाळी तो आला. केस पांढरे झाले होते. सदतीस वर्षांचा माणूस. माझ्या मुलाला त्याने उंच उचललं, हसला, भुईमुगाच्या शेंगांची पुडी दिली, आणि मग म्हणाला, “बयो, आत ये. एक दाखवायचंय.”

माझ्या लग्नाचा फोटो. मोठा केलेला, रंगवलेला. चेहरा असा काही उतरला होता की मी स्वतःला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती. छाया जिवंत, नाकातल्या नथीचा मोतीन् मोती टपोरा. आणि शालू शेवाळी. पावसाळ्यात विहिरीच्या कडेला असतं तसं गर्द, ओलं हिरवं. पदर, निऱ्या, सगळं. एकही चुणी चुकलेली नाही आणि सगळा रंग चुकलेला.

टेबलावर टर्पेंटाइनची बाटली उघडी होती. शेजारी कापसाचे स्वच्छ बोळे, नव्याने वळलेल्या काड्या. मला वाटलं, आत्ताच काहीतरी करत बसला असेल.

“कसा झालाय?” त्याने विचारलं. “डाळिंबी आलाय ना?”

त्या एका क्षणात माझ्या मनात काय काय आलं! नसलेला धारवाडकर. परत आलेले फोटो. त्याचे पांढरे केस. एकट्याने, पुसट नळ्या डोळ्यांजवळ नेऊन नेऊन त्याने हे माझ्यासाठी केलं होतं. मी म्हणाले, “अगदी तस्साच आलाय रे. हुबेहूब.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी हसून दाखवलं, डोळे पुसले. त्याला वाटलं असेल आनंदाने.

“सरी,” तो म्हणाला. कानडी सरी. ठीक आहे म्हणायचं, पण हळूच, दार लोटून घेतल्यासारखं. मग त्याने बाटलीला बूच लावलं, बोळे पेटीत ठेवले, पेटी मिटली. “चल, आई जेवायला बोलावत असेल.”

पुढच्या वर्षी अण्णा गेला. तापाचं निमित्त झालं. तार आली, आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. स्टुडिओतला जिन्याचा पडदा कुणी तरी काढून घडी घातली होती. त्या खोलीत इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता.

दुकानातल्या बाईने मला आत बसायला स्टूल दिलं. पाणी दिलं. “स्वल्प कूतकोळ्ळी, अम्मा,” म्हणाली. जरा बसा. काहीतरी घ्यावं म्हणून मी फळ्यांवरून नजर फिरवत होते, पण मला दिसत होती ती आई, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, याच भिंतीला टेकून बसलेली. त्या दिवशी तिने जे सांगितलं ते मी आजवर माझ्या यजमानांनाही सांगितलेलं नाही.

आई म्हणाली, “तुझ्या फोटोचा शालू हिरवा झाला होता, ते त्याला ठाऊक होतं बरं का. तू यायच्या कितीतरी आधी मीच सांगितलं होतं. म्हटलं, वसंता, अरे हे हिरवं झालंय. पुसून टाक. तर म्हणाला, राहू दे. ती येईल ना, ती बघताक्षणी ओरडेल. मग आम्ही दोघं बसून पुसू आणि पुन्हा करू, पूर्वीसारखं.” आईने पदराने तोंड पुसलं. “तू यायची त्या दिवशी सकाळीच उठून त्याने काड्यांना कापूस गुंडाळून ठेवला होता. त्या दिवसानंतर मग त्याने ती पेटी कधी उघडली नाही. मी विचारलं एकदा. म्हणाला, आता बयोही गिऱ्हाइकासारखी गोड बोलायला लागली, आई. मोठी झाली.”

एवढं म्हणायचं होतं, की अण्णा, काय हे केलंयस, शेवाळ चढलंय माझ्यावर, आण ती बाटली. तो हसला असता. मी स्टूल ओढून शेजारी बसले असते. शालूसारखा शालू, दीड दिवसाचं काम.

सहासष्टच्या त्या खेपेला मी अकरा दिवस राहिले होते.